पुण्याच्या माळावरच्या चंडोलाला साईक्स साहेबांचं नाव कसं पडलं?

लेण्याद्रीला लोक कशाला जातात? अष्टविनायकातला गिरिजात्मज बघायला. तीनशेच्या आसपास पायऱ्या, पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं, वर गेलं की कोरलेल्या लेण्यांची रांग आणि त्यातल्या सातव्या लेण्यात गणपती.

मी मात्र गेले होते पक्ष्यांचे फोटो काढायला. खरं सांगायचं तर शिकायला. कॅमेरा मावसभावाचा, लेन्सही त्याचीच, ७०-३०० ची. माझं स्वतःचं म्हणाल तर फक्त ऑनलाइन व्हिडिओ बघून जमवलेलं ज्ञान. सूर्य पाठीशी ठेवायचा. शटर स्पीड हजाराच्या वर ठेवायचा. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर. आणि कॅमेरा पक्ष्याच्या उंचीवर आणायचा, म्हणजे पक्षी जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर.

शेवटचा नियम वाचायला सोपा आहे. जानेवारीच्या सकाळी कुसळात पालथं पडून बघा, मग कळेल.

डोंगर चढायच्या आधी पायथ्याच्या गोळेगावाबाहेरच्या माळावर एक मातकट पक्षी दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, डोक्यावर टोकदार तुरा. मी पुढं गेले की तो पुढं पळायचा, थांबले की थांबायचा. असं अर्धा तास चाललं. शेवटी मेंढरं घेऊन चाललेल्या एका मामांना राहवलं नाही. त्यांनी सांगितलं की ताई, मागं लागू नका, खाली बसा, ते आपसूक फिरून येतंय. बसले. दहा मिनिटांत पक्षी माझ्यापासून पाच-सहा पावलांवर येऊन ढेकळाआडचे दाणे टिपायला लागला.

चाळीसेक फोटो काढले. निम्म्यांत नुसतं ढेकूळ. दोन बरे आले. ते मोबाईलवरच्या पक्षी ओळखणाऱ्या अॅपमध्ये टाकले, तर उत्तर आलं : साईक्सचा चंडोल.

चंडोल ठीक आहे. पण हे साईक्स कोण? आणि जुन्नरच्या माळावरच्या पक्ष्यावर यांचं नाव कसं?

तर ही त्या साहेबांची गोष्ट.

विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म १७९० सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. तेरा-चौदाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडं पोरं आठवी-नववीत असतात त्या वयात, हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकच्या सैन्याबरोबर भरतपूरच्या वेढ्यात होता. तो किल्ला इंग्रजांना काही घेता आला नाही. गंमत बघा, आज त्याच भरतपूरला देशभरातले पक्ष्यांचे फोटो काढणारे वारीला गेल्यासारखे जातात, कारण तिथं केवलादेवचं अभयारण्य आहे. साईक्स तिथं गेले तेव्हा हातात बंदूक होती आणि समोर पक्षी नव्हते, जाटांची फौज होती.

पुढं त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून दुभाष्याची परीक्षा दिली. हे लक्षात ठेवा. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या मराठीत आहे.

मग आलं १८१७. खडकीची लढाई झाली, पाठोपाठ पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि वर्षभरात पेशवाई संपली. या दोन्ही लढायांत साईक्स कंपनीच्या बाजूनं देशी शिपायांची तुकडी घेऊन लढत होते. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही होते. म्हणजे ज्या मुलखातल्या पाखरांना त्यांनी पुढं नावं दिली, तो मुलूख आधी त्यांच्याच फौजेनं जिंकला होता. साईक्सांबद्दल वाचताना ही गोष्ट मला मधेच टोचत राहते. टोचू द्यावी.

१८२० ते १८२४ अशी चार वर्षं ते युरोपात फिरले. परत आले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. कंपनीला पेशव्यांचा मुलूख तर मिळाला होता, पण त्यात नक्की आहे काय? गावं किती, माणसं किती, नांगर किती, जमीन कुणाची, पिकतं काय, मजुरी किती पडते? सारा ठरवायचा तर हे कळायला हवं. एल्फिन्स्टननी साईक्सांना सांख्यिकी अधिकारी नेमलं आणि दख्खन मोजायला पाठवलं.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे. जुन्नर यातल्या पुण्याच्या जिल्ह्यात.

काम कारकुनी होतं. दुसरा कुणी असता तर कचेरीत बसून पाटील-कुलकर्ण्यांकडून आकडे मागवले असते आणि पगार घेतला असता. साईक्स फिरले. गावात जाऊन मिरासदार कोण, उपरी कोण, वतन कशाचं, खतात काय लिहिलंय हे विचारलं. जमीनधारणेवर त्यांनी पुढं स्वतंत्र निबंध लिहिला. आणि फिरता फिरता या माणसाला दिसेल ते नोंदवायची सवय जडली.

हवेचा दाब दिवसातून अनेकदा मोजायचा. पाणी किती तापमानाला उकळतं ते बघून डोंगराची उंची काढायची (जितकं वर जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, साधा थर्मामीटर असला की भागतं). दगड कुठला, थर कसे. नदीत मासे कुठले. झाडावर पाखरू कुठलं.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना साईक्स हे नाव एका वेगळ्याच गोष्टीसाठी माहीत असतं. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरवरून ज्या हरिश्चंद्रगडावर चढतात, तिथं कड्यावरून पावसाळ्यात कधीमधी पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. ते साईक्सांनी पाहिलं आणि त्याची शास्त्रीय नोंद केली.

त्यांनी लिहून ठेवलेला प्रसंग असा आहे. कोकणातून धुकं वर चढत आलेलं. साईक्स धुक्याच्या अगदी कडेला, कड्याच्या टोकाशी उभे. पाठीमागं स्वच्छ आकाशात अगदी खाली असलेला सूर्य. समोर धुक्यावर रंगांचं पूर्ण वर्तुळ उमटलं, निम्मं त्यांच्या पायांच्या पातळीच्या वर, निम्मं खाली. वर्तुळाच्या मधोमध त्यांची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. या सावल्या आपल्याच आहेत यावर त्या माणसांचा विश्वास बसेना. म्हणून ते हात-पाय उडवून, अंग वाकवून बघायला लागले, की समोरची आकृतीही तसंच करते का! वर्तुळ किती मोठं होतं? साईक्सांच्या अंदाजानं पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त नाही.

आता यातली एक चूक दुरुस्त करू. इंटरनेटवर जिकडंतिकडं लिहिलेलं असतं की साईक्सांनी हे इंद्रवज्र १८३५ साली पाहिलं. ते शक्य नाही. १८३१ मध्येच ते हिंदुस्थान सोडून गेले होते. १८३५ हे त्यांचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्याचं साल आहे. पाहिलं ते त्याआधीच. कुणीतरी एकदा छापल्याचं साल पाहिल्याचं साल म्हणून लिहिलं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. आम्ही वेबसाइटवाले यात मागं नाही, हे मान्य करते.

आणि हो, सूर्य पाठीशी. व्हिडिओत सांगतात तो पहिला नियम साहेब दोनशे वर्षांपूर्वी पाळत होते, कॅमेरा नसताना.

कॅमेरा नव्हताच. फोटोग्राफीची घोषणा जगात झाली १८३९ साली. साईक्स त्याआधी आठ वर्षं इथून गेलेले. मग ते पाखरं कशी टिपायचे? बंदुकीनं. आज आपण फोटो शूट करतो म्हणतो, तेव्हा शूट म्हणजे शूटच होतं. पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. पक्षी ओळखायची त्या काळातली जगभरची रीत हीच होती. दुर्बीण लावून लांबून पक्षी ओळखावा आणि जिवंत सोडून द्यावा, ही पद्धत रुळायला पुढं शंभर वर्षं लागली.

वाचून बरं वाटत नाही. पण मेलेल्या पक्ष्याचं साईक्स काय करायचे ते बघण्यासारखं आहे. बरेच गोरे साहेब शिकार करून कातडं भिंतीला लावायचे आणि संपलं. साईक्स पोट फाडून बघायचे, आत काय सापडतंय : टोळ, भुंगे, दाणे, की फळं. पक्षी कुठं राहतो, जोडीनं फिरतो की थव्यानं, सवयी काय, हे टिपायचे. म्हणजे नुसता रंगरूपाचा हिशोब नाही, पाखराचं जगणं.

आणि गावातल्या लोकांना विचारायचे, याला काय म्हणता?

हे माशांच्या बाबतीत सगळ्यात छान दिसतं. पुण्याच्या मुळा-मुठेतले, भीमेच्या खोऱ्यातले मासे त्यांनी गोळा केले. नवीन जात दिसली की युरोपातले शास्त्रज्ञ लॅटिनमध्ये रंगावरून, आकारावरून नावं द्यायचे. साईक्सांनी कोळ्यांच्या तोंडची नावं उचलली आणि तीच लॅटिनच्या पंगतीत बसवली. खुदरी, मसळा, कोळस. दख्खनच्या महासीर माशाचं आजचं शास्त्रीय नाव टोर खुदरी आहे. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ ते नाव घेतो तेव्हा आपल्या नदीकाठचा एक मराठी शब्द बोलत असतो. सह्याद्रीतल्या रानकुत्र्याचं वर्णन केलं तेव्हाही त्यांनी कोळसुन हे मराठी नाव नोंदवलं आणि शास्त्रीय नावात दख्खन घातलं.

पाखरांच्या नावात तर साहेब रंगातच आले. आपल्या चंडोलाला त्यांनी नाव दिलं देवा. एका बारक्या, फिकट रंगाच्या हिवाळी पाहुण्या पक्ष्याला दिलं रामा. पिवळ्या धोब्याच्या एका प्रकाराला दिलं बीमा, म्हणजे भीमा. आता हा भीम पांडवांतला की भीमाशंकरला उगम पावणारी भीमा नदी, तुम्ही ठरवा. रात्री उडणाऱ्या एका रातव्याच्या नावात त्यांनी मराठा घातला, माहरॅटेन्सिस. आणि एका छोट्या चंडोलाच्या नावात दख्खन. तो तर मुळात मंगोलिया-तिबेटकडचा, आपल्याकडं फक्त थंडीत येणारा. पण साईक्सांना सापडला इथं, म्हणून तो जन्माचा दख्खनी झाला.

१८२९ च्या डिसेंबरात कंपनीनं खर्च कमी करायचा म्हणून सांख्यिकी अधिकाऱ्याचं पदच रद्द केलं. (हे वाचून माझ्या क्षेत्रातल्या पुष्कळांना ओळखीचं काहीतरी वाटेल.) साईक्सांपुढं सरळ रस्ता होता, पलटणीत परत जायचं. त्यांनी लष्करी कामातून रजा मिळवली आणि दख्खनचं काम चालू ठेवलं. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पूर्ण केले, मगच जहाजात बसले.

१८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. त्यात ५६ पक्षी विज्ञानाला नवीन होते.

विज्ञानाला नवीन, हा शब्द जरा जपून वाचा. कारण यातले कितीतरी पक्षी तुम्ही आजच सकाळी पाहिले असतील. तळ्याकाठी दबा धरून बसलेली ढोकरी, म्हणजे वंचक, या यादीतली आहे. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या, बाजरीच्या धाटावर शेपूट उभारून कटकट करणारे ते चिमुकले पक्षी, दोघंही या यादीतले. बाभळीखाली सहा-सातच्या टोळीनं कालवा करणारे मोठे राखी सातभाई यातलेच, त्यांना साईक्सांनी मुंबईचे पुढचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. शेतकऱ्याला हे सगळे पिढ्यान् पिढ्या माहीत होते, नावानिशी. नवीन होते ते लंडनला.

ढोकरीवर जरा थांबते, कारण नवशिक्या फोटोवाल्याची खरी परीक्षा तीच घेते. कुकडीच्या काठावर ती चिखलात बसली की चिखलाच्याच रंगाची, तपकिरी रेघांची. तुम्ही त्या रंगाच्या हिशोबानं कॅमेरा लावता. आणि ती उडाली की एकदम पांढरीशुभ्र! पंख, शेपूट, सगळं. फोटोत पक्ष्याच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. माझ्याकडं असे नऊ डाग आहेत. उपाय असा की तिच्या उडायची वाट बघत असाल तर आधीच उजेड दोन पायऱ्या कमी करून बसायचं, म्हणजे पंखांवरची पिसं दिसतात. एरवी तिला बसलेलीच टिपावी. ती हलत नाही, आपली घाई नाही.

आता लेण्याद्रीकडं परत येऊ, कारण साईक्सांची जुन्नरशी खरी गाठ पाखरांमुळं नाही, लेण्यांमुळं आहे.

जुन्नरच्या भोवती डोंगरात लेणी किती आहेत माहितीये ना? लेण्याद्रीच्या एका डोंगरातच तीसेक. शिवाय मानमोडी, तुळजा लेणी, शिवनेरीच्या पोटातली लेणी. बहुतेक बौद्ध, दोन हजार वर्षांच्या आसपासची. भिंतींवर जागोजागी कोरलेली अक्षरं. ती अक्षरं ब्राह्मी लिपीतली, भाषा प्राकृत. साईक्स दख्खनमध्ये फिरत होते तेव्हा ही लिपी वाचता येणारा एकही माणूस पृथ्वीवर उरला नव्हता. गावातले लोक लेणी पांडवांनी खोदली असं सांगत.

साईक्सांना वेरूळचा आधीच नाद होता, त्या लेण्यांवर त्यांनी लिहिलेलं होतं. जुन्नरजवळच्या बौद्ध लेण्यांमध्ये त्यांनी शिलालेखांच्या नकला उतरवून घेतल्या. एकही अक्षर कळत नसताना. हे किती अवघड आहे बघा. भाषा येत असेल तर पुसट झालेलं अक्षर आपण अंदाजानं भरतो. येत नसेल तर प्रत्येक रेघ जशीच्या तशी उतरवावी लागते, कारण कुठली रेघ कामाची आणि कुठली दगडाची चीर, हेच माहीत नसतं.

ते शिलालेख त्यांनी सर जॉन माल्कमना पत्रातून कळवले (तेच, सातभाईवाले) आणि १८३७ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्याच वर्षी कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली.

पुढच्या अभ्यासकांनी जुन्नरचे लेख वाचले तेव्हा कळलं, भिंतींवर काय आहे ते. राजेमहाराजे फार नाहीतच. दान देणारे व्यापारी आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात कल्याणच्या एका माणसाचं नाव आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, म्हणजे आजच्या भाषेत असोसिएशन. यवन, म्हणजे ग्रीक वंशाच्या म्हणवणाऱ्या लोकांची दानंही आहेत. नाणेघाटातून वर आलेला व्यापार या बाजारात कसा थांबत असेल, ते या चार-दोन ओळींच्या लेखांतून दिसतं.

मी त्या सकाळी गणपतीचं दर्शन घेऊन सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात बसले होते. समोर दक्षिणेला जुन्नर आणि शिवनेरी. तिथं बसून कॅमेऱ्यातले चंडोलाचे फोटो पुन्हा मोठे करून बघितले आणि शंका आली.

अॅपनं साईक्सचा चंडोल म्हटलंय, पण आपल्या भागात त्याचा एक भाऊबंद आहे, मलबारी चंडोल. तोही तुरेवाला, तोही मातकट. फरक छातीवर. मलबारीच्या छातीवर जाड, ठळक, गर्द रेघा. साईक्सच्या छातीवर मोजक्या, बारीक रेघा, आणि पोट तांबूस. सांगायला सोपं. पण माझ्या दोन बऱ्या फोटोंपैकी एकात पक्षी पाठमोरा होता आणि दुसऱ्यात त्याची छाती ढेकळाआड अर्धी झाकलेली.

म्हणजे अर्धा तास मागं पळून, कुसळं टोचून घेऊन मी तेवढीच एक गोष्ट टिपली नव्हती जिच्यावरून तो ओळखायचा. डोळा मस्त आलाय. डोळ्यावर फोकस ठेवा असं सगळे सांगतात. छाती दाखवा असं कुणी सांगितलं नव्हतं.

बंदूकवाल्या साहेबांना ही अडचण नव्हती. पक्षी हातात असायचा, उलटासुलटा करून रेघा मोजता यायच्या. आपण जिवंत पक्षी जिवंत सोडायचा ठरवला, तर त्याची किंमत ही आहे : तो जेवढा दाखवेल तेवढंच मिळतं, बाकीच्यासाठी पुन्हा यायचं. मला ही किंमत मान्य आहे. अट एवढीच की मग घाईनं शॉर्टकट मारायचे नाहीत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं, घरट्यासमोर तंबू ठोकणं, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून दगड मारून उठवणं. हे सगळं चालतं, मी पाहिलंय, आणि अशा फोटोंना लाइकही भरपूर मिळतात. चंडोल जमिनीवर घरटं करतो, गवताच्या बुडख्याशी. फोटोसाठी माळ तुडवताना ते पायाखाली येतं आणि कळतसुद्धा नाही.

इंग्लंडला गेल्यावर साईक्सांचं पुढं काय झालं? थोडक्यात सांगते, कारण ते आयुष्य सभा-समित्यांचं आहे. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले, १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य. लंडनच्या सांख्यिकी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, १८६३ मध्ये तिचे अध्यक्ष. रॉयल एशियाटिक सोसायटीचेही अध्यक्ष. १८४० पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर आणि १८५६ साली थेट कंपनीचे अध्यक्ष. कुठं जुन्नरची लेणी आणि कुठं ती खुर्ची! १८५७ पासून शेवटपर्यंत स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनचे खासदार. संसदेत असताना चीनमधल्या ताइपिंग बंडाविरुद्ध ब्रिटिशांनी हात घालू नये म्हणून ते आपल्याच सरकारशी भांडले, त्यावर पुस्तकही छापलं. १६ जून १८७२ ला लंडनमध्ये वारले, ८२ व्या वर्षी.

आफ्रिकेत केनियाला जंगल सफारीला गेलात तर तिथं एक पांढऱ्या गळ्याचं माकड दिसेल, त्याचंही नाव साईक्सचं माकड. त्याचंही पहिलं शास्त्रीय वर्णन यांचंच. त्यामुळं गुगलवर साईक्स टाकलं की आधी माकड येतं, मग रातवा, मग चंडोल.

आता अशी माणसांची नावं पक्ष्यांना असावीत का, यावर जगभर वाद चालू आहे. अमेरिकन पक्षीशास्त्र सोसायटीनं २०२३ मध्ये जाहीर केलं की आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांची माणसांवरून पडलेली इंग्रजी नावं बदलायची, कारण त्यातले बरेच जण जिंकणारे, लुटणारे होते. साईक्सांचा चंडोल त्यांच्या अखत्यारीत येत नाही. पण प्रश्न आपल्यालाही लागू आहेच. खडकीला आपल्यावर चालून आलेल्या माणसाचं नाव आपल्या माळावरच्या पाखराला कशाला?

माझं मत विचाराल तर इंग्रजी नाव राहिलं काय, गेलं काय. साईक्सांनी स्वतः त्याला आपलं नाव दिलंच नव्हतं, ते नंतर इतरांनी चिकटवलं. त्यांनी दिलं होतं देवा, आणि ते शास्त्रीय नाव तसंच आहे. मला जास्त काळजी नावाची नाही, माळाची आहे. सरकारी भाषेत माळरान म्हणजे पडीक जमीन. जंगल तोडायचं म्हटलं की निदान ओरड होते. पडीक जमिनीवर प्लॉट पडले, खाण आली, नाहीतर वनीकरण म्हणून दाट झाडं लावली, तर टाळ्या पडतात. पण देवा नावाचा हा पक्षी झाडावरचा नाहीच. त्याला उघडी, खडकाळ, तुरळक गवताची जमीनच लागते. झाडं लावून आपण त्याला घरातून काढतो.

साईक्सांनी पाठवलेली कातडी लंडनमध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. तिथल्या पक्ष्यांची यादी छापली गेली तेव्हा दख्खनच्या पक्ष्यांपुढं देणाऱ्याचं नाव म्हणून लेफ्टनंट कर्नल साईक्स असं नमूद झालं. अशा संग्रहातल्या पक्ष्याला चिठ्ठी नसेल तर त्याची किंमत शून्य. कितीही सुंदर असो, कुठला, कधीचा हे माहीत नसेल तर तो नुसता कापूस भरलेला पक्षी. फोटोचंही तसंच. तुमच्या मोबाईलमध्ये पडलेल्या हजार फोटोंना तारीख असते, कॅमेरा ती आपोआप टाकतो. जागा बहुतेकदा नसते, आणि पक्षी काय करत होता हे तर कुठलाच कॅमेरा लिहीत नाही. ते आपल्याला लिहावं लागतं. ईबर्डसारख्या ठिकाणी हे सगळं भरून फोटो चढवता येतो, फुकट. उद्या कुणी विचारलं की या माळावर चंडोल होता का, तर दाखवायला काहीतरी असतं.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. तीच जागा, पाठीशी सूर्य, या वेळी आधीपासूनच बसून. मामा आणि त्यांची मेंढरं दिसली नाहीत. चंडोल दीड तासानं आला, एका दगडावर चढला आणि गायला लागला. मधेच दुसऱ्याच कुठल्यातरी पक्ष्याचा आवाज काढला, नक्कल करायची याला सवय आहे. मी त्याच्या वळण्याची वाट बघत होते. तो वळला, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि तो उडाला. एक फोटो मिळाला. छाती दिसते, पण पंख पसरल्यामुळं अर्धी सावलीत. रेघा बारीक वाटतात. वाटतात.

तो फोटो मी चढवला. पक्ष्याचं नाव : चंडोल, जात नक्की नाही. जागा : गोळेगावचा माळ, लेण्याद्रीचा पायथा. वेळ सकाळी ८:४०. दगडावर बसून गात होता, एकटाच. दुसऱ्या पक्ष्याची नक्कल ऐकली. पोटाचा रंग तांबूस वाटला, छातीवरच्या रेघा स्पष्ट दिसत नाहीत.

ओळखण्यासाठी तो अजून खुला आहे.